बोर्डीचे चार दिवस, तुमचेसुद्धा!



सुट्टी जवळ आली की शहापूर, आसनगाव, मुरबाड, सरळगाव या भागातून आपल्या सदराला पत्रं येऊ लागतात. प्रश्न बहुधा एकच असतो. ‘मुलांना समुद्र दाखवायचाय. लांबचं परवडत नाही, गर्दीच्या ठिकाणी जीव घाबरतो. जवळपासचं शांत गाव सुचवा आणि बरोबर काय काय घ्यावं तेही सांगा.’ या वेळी मुरबाडच्या एका भगिनीने मात्र पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ लिहिली आहे. ‘मागच्या सुट्टीत आम्ही तीन दिवस समुद्रावर होतो, पण मी समुद्र पाहिला तो खोलीच्या खिडकीतून, कांदा चिरता चिरता.’

गावाचं नाव सुचवणं सोपं आहे, सामानाची यादीही सोपी. खरा विषय आहे तो या शेवटच्या ओळीत. कितीतरी घरांत सहल म्हणजे बाईचं तेच काम, फक्त जागा बदलून. त्यातही घरचा ओटा नाही, हाताशी डबे नाहीत आणि भांडी निम्मीच! नाव सहलीचं आणि काम दुप्पट. तेव्हा आज गाव, प्रवास, समुद्राचं वेळापत्रक आणि कामाची वाटणी असं सगळंच एकदम पाहू.

गाव कोणतं?

माझ्या मते तुमच्यासाठी बोर्डी. डहाणू तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेजवळचं हे किनाऱ्यावरचं गाव. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर बोर्डी, शहापूर आणि मुरबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होती. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला आपला माळशेज घाट आणि दुसऱ्या टोकाला हा समुद्र. एका जिल्ह्यात नांदूनही आपल्यातल्या कितीजणींनी तो पाहिला?

लांबच लांब सपाट वाळू, काठाने सुरूची झाडं आणि मागे चिकूच्या वाड्या. शेजारच्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. यातल्या बऱ्याच वाड्या पारशी-इराणी कुटुंबांनी वाढवल्या. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि तिथे कारखान्यांवर बंधनं आली. गाव इतकं शांत का, याचं एक कारण हेही आहे.

जायचं कसं?

शहापूरकरांनी आसनगावला लोकल धरावी, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर यावं आणि डहाणू रोडची गाडी पकडावी. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. थेट गाडी नसेल तर विरारला बदलावी लागते. मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही, तेव्हा तिथल्या भगिनींनी एस.टी.ने कल्याण गाठावं आणि पुढे तसंच जावं. डहाणू रोडला उतरलं की बोर्डीसाठी एस.टी. किंवा रिक्षा मिळते. घोलवड स्टेशन बोर्डीला आणखी जवळ आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. आधी चौकशी करून ठेवावी.

स्वतःची गाडी असेल तर वाडा-मनोर रस्त्याने अहमदाबाद महामार्ग गाठावा आणि चारोटीहून डहाणूकडे वळावं. वाटेतच डहाणूच्या महालक्ष्मीचं देऊळ लागतं. ओटी भरायची असेल तर जाताना भरून घ्यावी, येताना सगळे दमलेले असतात. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस तिथे मोठी जत्रा असते. देवीसाठीच जायचं असेल तर त्या दिवसांत जरूर जा. मुलांना समुद्र दाखवायचा असेल तर ते दिवस टाळा.

पावसाळ्यात मात्र समुद्रस्नानाचा बेत नको. जून-जुलैत कोळी बांधवांच्या यांत्रिक होड्याही मासेमारीबंदीमुळे काठाला असतात आणि समुद्र खवळलेला असतो. दिवाळीची सुट्टी किंवा नाताळचे दिवस उत्तम. मे महिन्यात जाल तर ताडगोळे मिळतील, पण घामाच्या धारा सहन करायची तयारी हवी!

समुद्राचं घड्याळ कालनिर्णयात

आता महत्त्वाचं. आपण काळू, शाई, भातसा नद्यांच्या काठची माणसं. घरातला एखादा पठ्ठ्या डोहात सूर मारत मोठा झालेला असतो आणि त्याला वाटतं, मला पाण्याची भीती कसली! पण नदी वाढते ती पावसात आणि वाढताना दिसते. समुद्र मात्र कडक उन्हातसुद्धा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. बोर्डीचा किनारा इतका सपाट, की ओहोटीला पाणी अर्धा-अर्धा किलोमीटर मागे जातं. मुलं शंख-शिंपले वेचत दूरवर जातात. मग पाणी परतताना ते समोरूनच येतं असं नाही. वाळूतल्या खोलगट पट्ट्यांतून ते पाठीमागेही भरू लागतं.

याची वेळ काढायला आपल्या आजी-पणजीच्या काळापासून किनाऱ्यावरची माणसं एक सोपा हिशेब करतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा म्हणजे साधारण भरतीची वेळ, सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे तीच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पाहा:

चतुर्थी: ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. पहाटे आणि दुपारी साधारण तीनला पूर्ण भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी.

अष्टमी: ८ गुणिले पाऊण म्हणजे ६. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी.

द्वादशी: १२ गुणिले पाऊण म्हणजे ९. सकाळी आणि रात्री नऊला भरती, दुपारी तीनला ओहोटी.

पौर्णिमा आणि अमावास्या: बाराच्या सुमाराला भरती, सकाळ-संध्याकाळ सहाला ओहोटी.

पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, पाऊणने गुणायचं ते त्यामुळेच. हा अंदाज आहे, तंतोतंत वेळ नव्हे. गावागणिक अर्धा-पाऊण तास, कधी थोडा जास्तही फरक पडतो. म्हणून पोचल्याबरोबर तिथल्या एखाद्या कोळी दादांना किंवा मावशींना विचारून घ्यावं. पण घरी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून दिवस ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी. लहान मुलं बरोबर असतील तर सप्तमी ते दशमीचे दिवस निवडावेत. मोठी मुलं असतील आणि संध्याकाळी मोकळ्या ओल्या वाळूवर लांब फेरफटका मारायचा असेल, तर पौर्णिमेच्या आगेमागे जावं. सूर्य बुडताना समुद्र दूर गेलेला असतो आणि पाठीमागून चंद्र वर येतो.

पाण्यात उतरण्याचे चार नियम मुलांना घरूनच पाठ करून न्या:

१. पाणी ओसरत असताना आत जायचं नाही. ते बाहेरच्या बाजूला ओढतं.

२. लहानांनी गुडघ्यापर्यंत, मोठ्यांनी कमरेपर्यंत. पोहता येत असलं तरी हाच नियम.

३. ओहोटीला फार दूर जायचं नाही आणि पाणी वळायच्या आत परत फिरायचं.

४. अंधार पडल्यावर पाण्यात पाय नाही.

गाडी वाळूवर नेण्याचा मोह यजमानांना हमखास होतो. चाक रुतलं आणि वर भरती सुरू झाली की काय होतं, ते सांगायला नको.

देव न करो, पण कुणी ओढलं जाऊ लागलं तर मागोमाग उडी टाकू नये. एकाचे दोन होतात. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यावर छान तरंगतो. असा एक कॅन दोरी बांधून काठावर जवळ ठेवावा. दोरी नसेल तर साडीचं एक टोक हाती धरून दुसरं फेकावं. आरडाओरडा करून कोळी बांधवांना बोलवावं आणि ११२ नंबर फिरवावा.

पहारा कुणाचा?

समुद्रावर ‘सगळेच लक्ष ठेवून आहोत’ म्हणजे कुणाचंच लक्ष नाही! म्हणून पाळ्या लावाव्यात. अर्धा तास बाबांचा, अर्धा तास काकांचा, अर्धा तास तुमचा. ज्याची पाळी त्याने मोबाइल पिशवीत ठेवायचा, गप्पा मारायच्या नाहीत आणि मुलांची डोकी मोजत राहायचं. पाळी संपली की दुसऱ्याला तोंडाने सांगायचं, ‘आता तुम्ही.’

हे फक्त मुलांसाठीच नाही. ज्या अर्ध्या तासात पहारा दुसऱ्याचा आहे, त्या अर्ध्या तासात तुमचं मन मोकळं असतं. नाहीतर आपण वाळूत बसलेल्या असतो, पण एक डोळा धाकट्यावर, एक थोरलीवर आणि कान सासूबाईंच्या हाकेकडे. याला काही विश्रांती म्हणत नाहीत.

स्वयंपाक घरी ठेवून या

आता त्या भगिनीच्या कांद्याकडे वळू. स्टोव्ह, पोळपाट-लाटणं आणि मसाल्याचा डबा बरोबर न्यायचाच नाही. रॉकेल किंवा गॅसची शेगडी रेल्वेतून न्यायला बंदीच आहे, तेव्हा हे कारण सांगायला अगदी सोयीचं! स्वयंपाकाचं सामान बरोबर असलं की स्वयंपाक निघतोच. ‘आणलंच आहेस तर जरा भात टाक’, मग ‘भात आहे तर आमटी हवीच.’

पहिल्या दिवसापुरतं घरून घ्यावं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळपोळी. हे दोन दिवस सहज टिकतं. खोबऱ्याची ओली चटणी किंवा बटाट्याची भाजी प्रवासात आंबते, ती टाळावी. चिवडा, लाडू, मुलांसाठी भाजके फुटाणे आणि चहाची पूड-साखर एवढं पुरे.

बोर्डीत घरगुती राहण्याजेवण्याची सोय करणारी कुटुंबं आहेत. उतरण्याआधीच बोलून घ्यावं. किती माणसं, किती शाकाहारी, मासे कोणत्या दिवशी, पथ्याचं कुणाला आणि जेवणाचे दर काय. उपास कोणते येतात तेही पाहून सांगावं. नाहीतर ऐन चतुर्थीला पापलेट समोर येतं आणि सासूबाई उपाशी!

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते. आपली सुट्टी तिथल्या बाईच्या हातांवर उभी असते. तिलाही घर आहे, मुलं आहेत, कंबर आहे. म्हणून किती पानं वाढायची हे आदल्या रात्री सांगावं, ठरल्या वेळेला जेवायला बसावं, मुलांनी टाकलेलं उचलावं आणि पैशांवरून घासाघीस करू नये. रात्री अकराला ‘जरा चार पोळ्या करून द्या’ असं घरच्या बाईला सांगितलेलं आपल्याला रुचत नाही, मग तिला तरी का सांगावं?

चहा, अंथरुणं, ओले कपडे आणि बाटल्या भरणं ही चार कामं उरतातच. ती जाण्याआधी घरीच वाटावीत, एका कागदावर लिहून. सकाळचा चहा यजमानांचा. अंथरुणं थोरल्या चिरंजीवांची. बाटल्या कन्येच्या. ओले कपडे ज्याचे त्याने पिळून दोरीवर टाकायचे. तिथे गेल्यावर सांगायला जाल तर ‘सुट्टीत तरी कटकट नको’ हे ऐकावं लागेल. घरी, चहा पिताना, हसत हसत ठरवलं तर कुणी नाही म्हणत नाही. सासूबाईंनाही आधी विश्वासात घ्यावं. त्यांनीही आयुष्यभर सहली शेगडीजवळच काढलेल्या असतात. बहुतेक वेळा त्याच तुमच्या बाजूने बोलतील.

बरोबर काय घ्यावं?

साडी पाण्यात भिजली की पायांना गुंडाळते आणि लाटेत तोल जातो. पाण्यात उतरायचं तर सुती सलवार-कमीजच घालावी. जड मंगळसूत्र, अंगठ्या घरी ठेवून काळ्या मण्यांची साधी पोत घालावी. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली कळतसुद्धा नाही. मुलांना टोप्या, पूर्ण बाह्यांचे जुने सदरे आणि रबरी चपला. पाळीची तारीख पाहून दिवस ठरवावेत आणि तरीही लागणाऱ्या गोष्टी पिशवीत ठेवाव्यात.

अंगाला चिकटलेली वाळू ओल्या हाताने निघत नाही. अंग कोरडं होऊ द्यावं, थोडी टाल्कम पावडर टाकावी आणि कोरड्या पंचाने झटकावं. चटकन निघते. खाऱ्या पाण्यातल्या कपड्यांना लगेच साबण लावू नये, फेस येत नाही. आधी साध्या पाण्यातून काढावेत, मग साबण.

पाण्याची किंमत शहापूरच्या बाईला कुणी सांगायला नको. तानसा आणि भातसा आपल्या तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात आपल्याच कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. किनाऱ्यावरही गोड पाणी मोलाचंच. काही विहिरींना मचूळ चव असते. अंघोळी एका बादलीत उरकायला मुलांना सांगावं. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा खात्रीचं घ्यावं.

उन्हाने किंवा जुलाबाने मूल गळून गेलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावं. मीठ अंदाजाने टाकू नये, मोजूनच घालावं. मूल सुस्त पडलं किंवा लघवी कमी झाली तर वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. जेलीफिश चावली असं वाटलं तर ती जागा चोळायची नाही आणि गोडं पाणीही ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले धागे हाताला कापड गुंडाळून काढावेत. श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर १०८ नंबरवर रुग्णवाहिका बोलवावी.

एक सकाळ टेकडीसाठी

चार दिवसांतली एक सकाळ कोसबादच्या टेकडीसाठी ठेवा, असा माझा आग्रह आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेली ही मुलगी पुढे शिक्षिका झाली आणि आयुष्यभर आदिवासी मुलांसाठी राबली. पुढे हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची कल्पना. आज गावोगाव, अगदी आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरही जी ‘अंगणवाडी’ आहे, तिचं मूळ या किनाऱ्यावर आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली.

मुलांना हे सांगा. आपल्या धाकट्याला ज्या अंगणवाडीत सोडतो, तिची सुरुवात दोन बायकांनी इथे केली, हे ऐकून त्यांनाही गंमत वाटेल.

निघताना

घर बंद करताना गॅसचा रेग्युलेटर, पाण्याची तोटी आणि दूधवाला हे तीन लक्षात ठेवावेत. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या वहिनींना सांगावं आणि येताना त्यांच्यासाठी चिकू आणावेत. कच्चट, घट्ट फळं घ्यावीत. ती घरी तीन-चार दिवसांत पिकतात, पिकलेली प्रवासात चेचतात.

आणि शेवटचं. तिथे रोज एक तास ठरवून ठेवा, तुमच्या एकटीचा. भरती-ओहोटी पाहून सोयीचा निवडा आणि घरात सगळ्यांना सांगून टाका की या तासात आई हाकेला ओ देणार नाही. चालायचं तर चाला, वाचायचं तर वाचा, नाहीतर सुरूच्या सावलीत नुसत्या बसा. पहिल्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं वाटेल, हात कामाला शिवशिवतील. दुसऱ्या दिवशी जमेल. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणतील, ‘मीही येते गं तुझ्याबरोबर.’ त्यांना जरूर न्या.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत अष्टमी कोणत्या वारी येते, ते आजच कॅलेंडरवर पाहून ठेवा. जाऊन आलात की कळवा, कामाच्या वाटणीचा कागद घरी कितपत पाळला गेला तेही! पुढच्या वेळी बोलू उरलेल्या चिकूंबद्दल. त्यांचा हलवा आणि वाळवून ठेवायची रीत देईन.